आठवा तुकडा

आमच्या विभागातल्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही विषाणू डोळ्यांनी पाहिला नाही. तरी विषाणूंशी त्यांच्याइतका घरोबा असलेला माणूस मला भेटलेला नाही. रेबीजचा विषय निघाला की शेजारच्या बिऱ्हाडाबद्दल बोलावं तसे ते म्हणायचे, "तो ना? बंदुकीची गोळी. एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला सपाट. आणि वागणंही गोळीचंच. मज्जातंतूची वाट धरली की थेट मेंदू गाठणार." रोटा म्हणजे आऱ्यांचं चाक. इबोला म्हणजे गुंडाळायला घेतली आणि मध्येच कुणी हाक मारली म्हणून तशीच टाकलेली दोरी. गोवराला धड आकार नाही, लहान मुलानं काढलेल्या चंद्रासारखा तो. डेंगीबद्दल मामांचं मत फार वाईट होतं. "वरून इतका गुळगुळीत की मुलगी द्यावी. आणि आत बघा!"

मामा विभागाचे चित्रकार होते. वैद्यकीय कॉलेजातला आमचा सूक्ष्मजीवशास्त्र विभाग दुसऱ्या मजल्यावर. त्याच्या व्हरांड्याच्या टोकाला पूर्वी शुद्ध पाण्याच्या बाटल्या ठेवायची एक खोली होती, ती मामांची. काचेच्या चंचुपात्रांत ब्रश उभे, खिडकीत टर्पेंटाइनचा वास, आणि भिंतीला टेकवलेले कापडी तक्ते, गुंडाळलेल्या सतरंज्यांसारखे. एकेक तक्ता दाराएवढा. वर एक लाकडी पट्टी टांगायला, खाली एक पट्टी वजनाला. तक्ता सरळ राहावा म्हणून खालची पट्टी हवीच. मी त्याच विभागात जंतूंचा आचारी. म्हणजे काचेच्या बशांमध्ये जंतू वाढवायला जो थर लागतो, तो शिजवायचो. विषाणू मात्र माझ्या हातचं खात नाहीत. त्यांना जिवंत पेशीच लागते. "नखरेल पाहुणे आहेत," मामा म्हणायचे, "तुझं काम वाचवतात आणि माझं वाढवतात."

त्यांना मामा कोणी म्हणायला सुरुवात केली, कुणालाच ठाऊक नाही. विद्यार्थी म्हणायचे, झाडूवाली म्हणायची, प्राचार्य म्हणायचे. त्यांच्या बायकोला आपोआप सगळे मामी म्हणू लागले. माझा सख्खा मामा एकदा विभागात आला, तर त्यानंही त्यांना "काय मामा" केलं.

आणि सर्वांत प्रेमानं मामा म्हणायचे ते आमचे विभागप्रमुख. त्यांना आम्ही नुसते सर म्हणायचो. सर हुशार, बोलके, शिकवण्यात एक नंबर. प्रोजेक्टर आला तेव्हा बाकीच्या विभागांनी तक्ते भंगारात काढले. सर म्हणाले, "पडद्यावरचं चित्र मुलं फोनमध्ये घेतात आणि विसरतात. मामांचं चित्र वर्षभर डोळ्यांसमोर टांगलेलं राहतं." ते ऐकून मामा आठ दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

मामांची एक अट होती. समजल्याशिवाय ब्रश ओला करायचा नाही. सरांनी त्यांना पहिल्याच वर्षी समजावलं होतं की आपल्या शरीराचा सगळा कारभार डीएनएच्या जाड, बांधीव वहीवर चालतो. आणि विषाणूंमधली ही एक मोठी जमात अशी, की जिचा संसार आरएनएच्या सुट्या चिटोऱ्यावर. चिटोऱ्यावरून चिटोरा उतरवताना चुका होतात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांकडे चुका तपासायला कुणी नसतं. म्हणून तर फ्लू दर वर्षी नवा चेहरा घेऊन येतो. मामांना हे फार आवडलं होतं. "त्यांची चूक झाली की नवा प्रकार. आपली झाली की मेमो," म्हणायचे.

एचआयव्हीपाशी मात्र ते अडले. कापड ताणलेलं, पेन्सिलीचं वर्तुळ काढलेलं, आणि तीन दिवस पुढे काही नाही. शेवटी सर स्वतः खोलीत आले.

"काय मामा, रंग संपले?"

"रंग आहेत सर. डोकं संपलंय. ह्याला तुम्ही वेगळं नाव का देता? रेट्रो की काय ते. हाही चिटोरेवालाच ना?"

सर ब्रश बाजूला सारून टेबलावरच बसले. "मामा, बाकीचे कसे, आगंतुक. येतात, स्वयंपाकघर ताब्यात घेतात, घरच्यांना आपल्या पद्धतीनं रांधायला लावतात. हा तसा नाही. हा आधी आपला चिटोरा उलटीकडून वाचून आपल्या भाषेत उतरवतो. डीएनएच्या भाषेत. मग घरमालकाची वही उघडतो आणि मधल्याच एका पानात तो मजकूर शिवून टाकतो. त्यानंतर घरमालकालाही कळत नाही, आपलं कुठलं आणि ह्याचं कुठलं."

"म्हणजे माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात?"

"अगदी."

"मग ते पान फाडायचं कसं?"

"फाडता येत नाही. आता चांगली औषधं आहेत, दाबून ठेवता येतं. माणूस कामाला जातो, संसार करतो, म्हातारा होतो. पण वहीत ते राहतं."

मामा त्या वर्तुळाकडे बघत म्हणाले, "फारच जवळचा माणूस दिसतो." आणि ब्रश ओला केला. तो तक्ता मी अजून विसरलो नाही. आरएनएचे दोन जुळे धागे, त्यांच्याशेजारी उलटं लिहिणारा तो छोटा कारकून, आणि खाली पेशीची वही, इतकी स्वच्छ आणि बेसावध, की बघताना तिला हाक मारावीशी वाटे.

पण ही गोष्ट आहे फ्लूच्या तक्त्याची.

फ्लूच्या विषाणूचा आरएनए सलग नसतो. त्याचे आठ तुकडे असतात. दोन वेगळे फ्लू एकाच पेशीत भेटले, तर दोघांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात आणि तिसराच डाव निघतो. म्हणून आठ हा आकडा महत्त्वाचा. परीक्षेत हमखास. वीस-एक वर्षांपूर्वी मामा हा तक्ता काढायला बसले आणि भांडारातून कापड आलं ते हातभर आखूड. मामांनी ठरल्या मापानं वर्तुळ घेतलं, वरचे काटे काढले, आतले सात तुकडे एकेका रंगात रंगवले, आणि आठव्याला जागाच उरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तास. सुतार रजेवर, म्हणून खालची पट्टीसुद्धा तयार नव्हती. मामा घरी गेले आणि मामींच्या माहेरून आलेल्या खाटेची एक फळी घेऊन आले. खाट तशीही मोडलीच होती. मामांचा मेहुणा, म्हणजे मामींचा भाऊ, विनोद सांगत होता आणि मामा हसत होते, एवढंच कारण. ती फळी त्यांनी तासली, तक्त्याला खालून ठोकली, आणि आठवा तुकडा काढला त्या लाकडावर. शेंदरी रंगात.

सरांनी दुसऱ्या दिवशी ते पाहिलं आणि खो खो हसले. "राहू द्या मामा! असाच राहू द्या!"

मग त्याचा एक खेळच झाला. तासाला मामा लांब काठी घेऊन तक्त्याशेजारी उभे. सर तुकडे मोजायचे, मुलं कापडावर सातपर्यंत यायची आणि थांबायची. सर गरजायचे, "आठवा कुठाय? आठवा!" मुलांना कळायचं नाही की हे नंबर विचारताहेत की डोकं खाजवायला सांगताहेत. कुणीतरी चाचरत म्हणायचंच, "सर, आठवत नाही." वर्ग हसायचा. आणि मामा काठी खाली नेऊन त्या फळीवर वाजवायचे. टक्. एकोणीस वर्षांत फ्लूच्या प्रश्नात सात लिहिणारा विद्यार्थी आमच्याकडे निपजला नाही.

मामी मात्र दर वर्षी विचारायच्या, "माझ्या माहेरची फळी कधी परत आणताय?"

"अगं, विज्ञानाच्या कामी लागलीय."

"विज्ञानाला माहेर नाही वाटतं दुसरं?"

दोन वर्षांपूर्वी सरांनी पुस्तक काढायचं ठरवलं. नर्सिंगच्या आणि प्रयोगशाळेच्या मुलांना विषाणू आपल्या भाषेत, चित्रांसकट कळावेत म्हणून. ते मामांच्या खोलीत आले, मी तिथेच होतो.

"मामा, तुमची चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस चित्रं घेणार. मुखपृष्ठावर माझं नाव, आणि खाली 'चित्रे' म्हणून तुमचं. तुमचं पूर्ण नाव काय हो?"

सव्वीस वर्षांनी हा प्रश्न. दुसरा कुणी असता तर हिरमुसला असता. मामा हरखले. त्यांनी एक कोरा कागद नीट चौकोनी कापला, बोरू घेतला, आणि स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं काही सुरेख लिहिलं की ते नाव एखाद्या संस्थानिकाचं वाटावं.

"सर, आडनावात वेलांटी दुसरी आहे हं. सगळे पहिली काढतात. पगारपत्रकात पहिली, विजेच्या बिलावर पहिली. लग्नपत्रिकेतसुद्धा पहिली छापली होती. म्हणजे बघा, स्वतःच्या लग्नाला मी चुकीच्या वेलांटीनं उभा राहिलोय."

"तरीच मामी अजून तुमचं ऐकत नाहीत," सर म्हणाले. मामांनी लाल शाईनं त्या वेलांटीखाली रेघ ओढली. सरांनी चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून दोनदा थोपटली.

नाव छापून येणार, ही बातमी मामांनी ज्याला सांगितली नाही असा माणूस त्यांच्या रस्त्यावर उरला नाही. मामी घरी शिवणकाम करायच्या. त्यांनी गिऱ्हाइकांची कामं मागे ठेवून प्रकाशनासाठी नवा शर्ट शिवायला घेतला. मेहुणा आला तो दारातूनच ओरडला, "काय दाजी, तुमचं नाव छापून येणार म्हणे? पोलिसांनी काढलंय का?"

"पुस्तकात, पुस्तकात."

"खाट मोडल्याचं की काय?"

मामा हसले. जपून हसले, कारण नव्या खाटेवर बसले होते.

मग छायाचित्रकार आला. एकेक तक्ता टांगायचा, दोन्ही बाजूंनी मी आणि मामा तो ताणून धरणार. फ्लूच्या तक्त्यापाशी मामा म्हणाले, "जरा खालची पट्टीही येऊ द्या."

"लाकूड कशाला पुस्तकात?"

"त्या लाकडावर आठवा आहे."

"काय आठवू?" छायाचित्रकार वैतागून म्हणाला आणि त्यानं कापडाच्या कडेशी चौकट आवळली.

मामांनी मान वळवून हाक दिली, "सर, पट्टी राहतेय!" सर खिडकीशी फोनवर होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, हात वर केला. "बघतो मी, मामा. बघतो." हे मी ऐकलं. तक्त्याचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं.

प्रकाशनाला मामा नव्या शर्टात, मामी, मेहुणा, आम्ही सगळे दुसऱ्या रांगेत. भाषणं झाली, प्रती वाटल्या. मामांनी पुस्तक हातात घेतलं ते आधी हुंगलं. चित्रकाराची खोड. मग मुखपृष्ठ पाहिलं. त्यावर मामांचाच रेबीज होता, गोळीसारखा, थेट आपल्याकडे येणारा. खाली सरांचं नाव. त्याखाली बारीक अक्षरात 'लेखन व चित्रे'. आणि मग काही नाही.

मामांनी पान उलटलं. आणखी उलटलं. शेवटी आभाराच्या पानावर पोचले. प्रकाशकांचे आभार होते, सरांच्या पत्नीचे होते, छायाचित्रकाराचे होते आणि त्याचं तर आडनावासकट नाव होतं. सगळ्यांत खालच्या ओळीत लिहिलं होतं, 'आणि आमच्या विभागातील मामा व इतर.'

मामी वाकून वाचत होत्या. म्हणाल्या, "इतर म्हणजे मी असेन."

मेहुणा अशा वेळी गप्प बसेल तर शपथ. "दाजी," तो कुजबुजला, पण त्याची कुजबूज चौथ्या रांगेपर्यंत जाते, "तुम्हाला छापील मामा बनवलं की हो!"

मामींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो एकदम स्टेजकडे बघून टाळ्या वाजवायला लागला. तेव्हा टाळ्यांचं काहीच चाललं नव्हतं.

कार्यक्रमानंतर सर मामांजवळ आले, खांद्यावर हात टाकला. "कसं झालंय पुस्तक?"

"छान सर. रंग जरा फिके आलेत," मामा म्हणाले. बस, एवढंच.

त्यानंतरचे चार महिने मामांनी सरांची वकिली केली. "चिठ्ठी हरवली असणार," ते मला सांगायचे. "शर्टाच्या खिशात ठेवली होती ना. सरांचे शर्ट लाँड्रीत जातात. धुतली गेली बिचारी. आता सर विचारणार तरी कसे, पुन्हा नाव सांगा म्हणून? लाज वाटली असेल. मोठ्या माणसाची लाजही मोठी." हे ते मामींना सांगायचे, मेहुण्याला सांगायचे, न विचारणाऱ्यांनाही सांगायचे. लाँड्रीवाल्यावर त्यांचा इतका राग जमला होता की त्याच्या दुकानावरून जाताना ते पलीकडच्या बाजूनं जात. मामी ऐकून घ्यायच्या आणि मशीन जरा जोरात चालवायच्या.

मग एक पत्र आलं. लांबच्या एका गावात नर्सिंग शिकवणाऱ्या बाईंचं. 'पान अठ्ठेचाळीसवर फ्लूच्या चित्रात तुकडे सात आहेत. पान एकोणपन्नासवर लिहिलंय आठ. मुलींना नेमके किती सांगायचे?'

तिसऱ्या दिवशी सरांचा कारकून छापखान्यातून आलेलं एक पुडकं मामांच्या टेबलावर ठेवून गेला. निरोप असा, की गोदामातून पुस्तकं येताहेत, त्यांत पान अठ्ठेचाळीसवर हे शुद्धिपत्र चिकटवायचं. मामांच्याइतकं सरळ कुणी चिकटवत नाही, असं सरांनी खास सांगितलंय.

सरळ चिकटवण्याची स्तुतीही मामांना पुरली. माझ्याच पातेल्यात त्यांनी खळ शिजवली. आम्ही समोरासमोर बसलो. मामा पहिल्या चिटोऱ्याच्या मागे खळ लावत होते. चित्रकार कागदाची आधी कड बघतो, मजकूर नंतर. मी आचारी, मी आधी वाचलं. आणि माझा हात पातेल्यातच राहिला.

त्यावर छापलं होतं की पान अठ्ठेचाळीसवरील आकृतीत, चित्रकार श्री. अमुक यांच्या नजरचुकीने, आरएनएचा एक तुकडा काढायचा राहून गेला आहे, वाचकांनी कृपया आठ समजावेत. अमुकच्या जागी मामांचं नाव होतं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पूर्ण.

मामांनी चिटोरा उचलला, डोळ्यांजवळ नेला. ते आता ओरडतील, असं मला वाटलं. निदान पातेलं तरी पालथं घालतील. ते म्हणाले, "दुसरी आहे."

"काय?"

"वेलांटी. दुसरी आहे."

मला कळायला वेळ लागला. त्यांच्या चेहऱ्यावर ते माझ्या आधी पोचलं होतं. जगात त्यांचं आडनाव बरोबर लिहिलेला कागद एकच होता. लाल रेघेचा.

"म्हणजे हरवली नव्हती," मामा म्हणाले.

खोलीत टर्पेंटाइनचा आणि खळीचा वास, व्हरांड्यात मुलं काहीतरी पाठ करत चाललेली. मामांनी मान वर केली. "मी म्हणालो होतो ना रे, पट्टी राहतेय? तू होतास ना?"

"होतो मामा. सर 'बघतो' म्हणाले."

"मग ठीक. मला वाटलं, मला आठवतंय ते चुकीचं आहे की काय."

मी सरांकडे जाऊन हे सांगतो, असं म्हणायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "खळ घट्ट होतेय." पुढच्या वर्षी माझी बढती होती. हे मी मामांना सांगितलं नाही, पण त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "पाणी घाल थोडं."

आणि त्यांनी त्या सगळ्या पुस्तकांत ते चिटोरे चिकटवले. तीन दिवस लागले. एकही चिटोरा तिरका नाही, एकाच्याही कडेला खळ बाहेर नाही. आपल्यावरचा आळ इतका काटकोनात चिकटवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पुडक्यातला शेवटचा एक उरला, तो त्यांनी खिशात घातला.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. त्यांना एकटं सोडवेना. मामी मशीनवर होत्या. मामांचा चेहरा बघून त्यांचा मशीनवरचा पाय थांबला.

"काय झालं?"

"नाव आलं छापून," मामा म्हणाले आणि चिटोरा पुढे केला.

मामींनी चष्मा लावला. वाचायला दोन ओळी, पण त्यांनी त्या शिवण उसवून बघावी तशा बघितल्या. मला वाटलं आता सरांच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार. मामींनी मोठी कात्री घेतली. 'चित्रकार'च्या आधीचं सगळं कापलं. 'यांच्या नजरचुकीने'पासून पुढचं सगळं कापलं. कातरण जमिनीवर पडलं, ते पायानं मशीनखाली सारलं. हातात राहिलं, चित्रकार श्री. आणि पूर्ण नाव.

"जास्तीचं होतं," त्या म्हणाल्या. "आता बघा बसतं का अंगाला."

मामा हसले नाहीत. पण खाली बसले.

महिन्याभरानं सर स्वतः खोलीत आले. पहिल्यासारखेच टेबलावर बसले. पुस्तक चांगलं गेलं होतं, दुसरी आवृत्ती निघणार होती.

"मामा, फ्लूचं चित्र नव्यानं करा. आठही तुकडे कापडावर. आणि या वेळी तुमचं नाव नक्की. मुखपृष्ठावर!"

मामा ब्रश पुसत होते. "चिठ्ठी पुन्हा लिहून देऊ सर?"

"छे छे, आहे ना माझ्याकडे," सर म्हणाले आणि सवयीनं खिसा थोपटला.

हात खिशावरच राहिला. सर हुशार माणूस. आपण काय बोललो ते त्यांना बोलता बोलताच कळलं.

"मला वाटायचं, लाँड्रीत गेली," मामा म्हणाले.

"तसं नाही हो मामा. प्रकाशक म्हणाले, दोन नावांनी मुखपृष्ठावर गर्दी होते. आणि ते शुद्धिपत्र... लेखकाच्या नावावर चूक आली तर पुस्तकावरचा विश्वासच जातो. मुलांचं नुकसान. चुकीला कुणाचं तरी नाव द्यावंच लागतं ना? तुम्ही आपले. तुम्ही समजून घ्याल म्हटलं."

"आपला म्हणून," मामा म्हणाले.

"हो ना!"

"पण सर, मी तेव्हाच हाक मारली होती. पट्टी राहतेय म्हणून."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आठवत नाही हो मामा," ते म्हणाले.

एकोणीस वर्षं वर्गात ह्या उत्तरावर हशा पिकत आला होता. मी दारात उभा होतो. मला वाटतं, आता काठी वाजेल असं आम्हा तिघांनाही क्षणभर वाटलं असावं.

मामांनी ड्रॉवरमधून पेचकस घेतला आणि व्याख्यानाच्या खोलीकडे निघाले. सर मागोमाग, मी त्यांच्या मागे. वर्ग रिकामा होता. मामा फ्लूच्या तक्त्यासमोर उकिडवे बसले आणि खालच्या फळीचे स्क्रू काढू लागले. मध्ये कधीतरी त्यांनीच खिळे काढून स्क्रू घातले होते, फळी टिकावी म्हणून. त्यामुळे वेळ लागला.

"अहो मामा, हे काय करताय?"

"कापड विभागाचं आहे सर. रंगही विभागाचे. फळी माझ्या बायकोच्या माहेरची आहे." शेवटचा स्क्रू हातात आला. "आठवा मी घेऊन जातो. तसाही तो पुस्तकात नाहीच."

काखेत फळी घेऊन ते जिना उतरले. दुसऱ्या आवृत्तीचं चित्र त्यांनी काढलं नाही. "समजल्याशिवाय ब्रश ओला करत नाही मी," एवढंच कारण त्यांनी कारकुनाकडे लिहून दिलं. आता ते दारांवरच्या पाट्या रंगवतात, बाटल्यांवर लेबलं लिहितात. सरांनी मामा म्हणून हाक मारली तर 'हो' म्हणतात, जातात, काम करतात. बघणाऱ्याला काही फरक कळणार नाही. मी एकदा विचारलं, "राग गेला का मामा?" तर म्हणाले, "ते पान फाडता येत नाही, सरांनीच शिकवलंय. दाबून ठेवलंय."

फळी मामींच्या मशीनच्या वर भिंतीला लागली आहे. तिच्यावर शेंदरी आठवा तुकडा, आणि त्याच्या खाली, कातरलेलं, काटकोनात चिकटवलेलं नाव. आल्यागेल्याला मामी सांगतात, "एकोणीस वर्षांनी माहेरचं काहीतरी परत आलं." मेहुण्यानं ते पाहिलं आणि प्रथमच त्याला विनोद सुचला नाही. मामांचं नाव मी इथे लिहिणार होतो, त्यांना विचारलंही. म्हणाले, "नको. तुझा हात अजून पातेल्यातच आहे."

खालचं वजन गेल्यामुळे फ्लूचा तक्ता आता खालून गुंडाळतो. सहावा, सातवा तुकडाही अधूनमधून दिसेनासा होतो, आणि सरांना शिकवताना एका हातानं कापड धरून ठेवावं लागतं. हे मी मामांना सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा कसनुसा झाला. चित्र शेवटी त्यांचंच.

"खाली काहीतरी वजन लावा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "कुणाचंही लावा. माझं नको."